एक बाटली उतरतानासाठी ठेवा

लहान मुलांना घेऊन विमानप्रवास करताना त्यांचे कान दुखू नयेत म्हणून बऱ्याच जणी टेकऑफला बाळाला दूध पाजायला सांगतात. ते बरोबरच, पण कान जास्त दुखतात विमान उतरताना, आणि विमान खाली यायला चाकं टेकायच्या अर्धा तास आधीच लागतं. मुंबई-नेवार्क (अमेरिका) प्रवासाच्या जवळपास १६ तासांत आमच्या धाकटीने होतं नव्हतं ते दूध संपवलं आणि नेमकी विमान खाली येताना गाढ झोपली. जागी झाली ती कान धरूनच. अख्खं विमान डोक्यावर घेतलं! आता एक बाटली मी लपवूनच ठेवते. मोठ्याला तेव्हा चघळायला आंबावडी.

आणि हो, मुलांचे जादा कपडे सगळेच घेतात, स्वतःचाही एक टीशर्ट हातातल्या बॅगेत टाका. इमिग्रेशनच्या रांगेत मी दीड तास आंबूस दुधाच्या वासात उभी होते.