जुन्या गाडीच्या सनरूफमधून पाणी गळतंय : रबर बदलू की काच सीलंटने बंद करू?

सातारी_चारचाकी
गाडी २०१२ ची पेट्रोल सेदान, सनरूफ कंपनीतूनच आलेला. रात्री पाऊस पडून गेला की सकाळी पहिल्या ब्रेकला मॅप लाइटच्या (आरशाजवळच्या छतातल्या दिव्याच्या) कडेने पाणी खाली येतं. डावीकडच्या, म्हणजे पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट सतत ओलं. पार्किंग उतारावर, गाडीचं तोंड खालच्या बाजूला आणि वर गुलमोहर. काच नीट बंद होते, मोटरचा आवाजही ठीक. रबर मात्र कडक झालंय. एका गॅरेजने काच सीलंटने कायमची चिकटवायला सांगितलं, दुसऱ्याने सगळं रबर बदलायला. सुरुवात कुठून करावी? घरी जमण्यासारखं काय आहे?

पन्हळ
दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच काचेखाली चारही बाजूंनी ट्रे दिलेला असतो, कौलारू घराच्या पन्हळीसारखा. त्याच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात. पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या ए-पिलरमधून (पुढच्या खांबातून) खाली जातात, मागच्या दोन मागच्या पिलरमधून. ब्रेक मारल्यावरच पाणी येतंय, याचा अर्थ ते ट्रेमध्ये साठून राहिलंय. तोंड उताराकडे असल्यामुळे सगळा भार पुढच्या नळ्यांवर येतो, आणि कार्पेट डावीकडचं ओलं. पहिला संशय पुढच्या डाव्या नळीवर.

आधी तपासा, मग खोला. गाडी सपाट जागी घ्या, काच पूर्ण उघडा. सॉसच्या बाटलीने एकेका कोपऱ्यात १०० मिली पाणी हळूहळू सोडा आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला बसवा. पुढचं पाणी सहसा पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांपाशी किंवा फेंडरच्या आतून पडतं, मागचं मागच्या चाकाच्या कमानीत किंवा बंपरच्या आतून. पाणी ट्रेमध्येच उभं राहिलं तर नळी तुंबलीय. ट्रेमधून गेलं पण बाहेर आलं नाही, तर नळी आत कुठेतरी निसटलीय किंवा फाटलीय. चारही कोपरे स्वच्छ वाहिले तर सनरूफला दोष देऊ नका. विंडशील्डचं चिकटवण, छतावरच्या अँटेनाचं रबर, वायपरखालच्या काउलचा (जाळीच्या पन्हळीचा) निचरा हे बघा.

आणि एक. पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर डावीकडचं कार्पेट भिजत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. ते वेगळं काम आहे.

नायलॉन_दोरी
नळी साफ करताना लोक सर्वात जास्त नुकसान करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ट्रेमधला कचरा ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. गुलमोहराची बारीक पानं इथे चिखलासारखी बसतात. ती न काढता काही आत ढकललंत तर बुच्चा आणखी खोल जातो. मग ग्रास कटरची २ ते २.५ मिमी जाडीची नायलॉन दोरी अडीच मीटर घ्या. टोक लायटरने वितळवून गोल करा. तासून टोकदार ठेवलं तर नळीला भोक पडतं. बोटांत फिरवत, न दाबता आत सोडा. अडली की थोडी मागे घेऊन पुन्हा फिरवा. ब्रेकची केबल किंवा तार वापरू नका, वळणावर नळी फाटते.

पंक्चरवाल्याकडची हवा तर नकोच. त्या दाबाला नळी वरच्या नोजलवरून निसटते, आणि ती परत बसवायला छताचं अस्तर उतरवावं लागतं. दहा मिनिटांच्या कामाचं दोन दिवसांचं काम होतं. ओढायचंच असेल तर खालच्या टोकाला पाणी खेचणारा व्हॅक्यूम लावा.

खालचं टोक आवर्जून बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये पुढच्या नळीच्या टोकाला रबराची चपटी चीर असते. धूळ आत येऊ नये म्हणून दिलेली ती चीर चिखलाने चिकटते. दोन बोटांत चोळली की बहुतेकदा सुटते. आपल्याकडे कुंभारमाशीही अशा टोकात मातीचं घर करते. ते काडीने बाहेरच्या दिशेने फोडून काढा.

टी२५
सीलंटबद्दल स्पष्ट सांगतो : करू नका. उन्हात छत तापतं, पत्रा आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, सीलंटला तडे जातात आणि पाणी पुन्हा त्याच तुंबलेल्या ट्रेमध्ये येतं. चुकून कुणी बटण दाबलं तर मोटरचे दाते किंवा केबल जाते. नंतर सीलंट खरवडताना रंग निघतो आणि तिथून गंज सुरू होतो.

रबर बदलण्याआधी कागदाची पट्टी काचेखाली धरून काच बंद करा आणि ओढा. दर १५ सेंमीवर हेच करा. सगळीकडे सारखा अडसर लागला तर रबर अजून चालेल. एका कडेलाच पट्टी सैल निघाली तर बहुधा काचेची उंची बिघडलीय. साधारण नियम असा की काचेची पुढची कड छताला समतल किंवा १ मिमी खाली, मागची समतल किंवा १ मिमी वर. बाजूच्या पट्ट्यांखाली स्क्रू असतात, बऱ्याच गाड्यांत टॉर्क्स टी-२५ (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे). पूर्ण काढू नका, सैल करून काच सरकवा आणि कसा.

कडक रबर शाम्पूच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. साधं ग्रीस, इंजिन ऑइल नको. पेट्रोलियममुळे रबर फुगून मऊ पडतं.

सातारी_चारचाकी
पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी उभं राहत होतं. दोरीने मोकळं झालं. आता बरंचसं पाणी बिजागऱ्यांपाशी पडतं, पण थोडं अजूनही आत कार्पेटवर येतंय. बाकी तीन कोपरे ठीक.

पन्हळ
मग नळी खालच्या ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून, अर्धवट निसटलीय. जुनी नळी उष्णतेने आखडते आणि टोक मागे ओढलं जातं. डॅशबोर्डच्या डाव्या कडेचं झाकण आणि पायाजवळची पट्टी काढून टॉर्चने बघा. हात पोचला तर ग्रोमेटमध्ये परत दाबून बसवा. आखूड पडत असेल तर त्याच आतल्या व्यासाचा तुकडा बाहेरून चढवून लांबी वाढवा आणि क्लिप लावा. चिकटवायला व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वापरू नका, त्याने पत्रा गंजतो. न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, घ्या.

ए-पिलरचं कव्हर काढायची वेळ आली आणि गाडीत कर्टन एअरबॅग (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणारी) असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान १० मिनिटं थांबा. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, नळी बांधताना टाय एअरबॅगवरून घेऊ नका. बॅटरी जोडल्यावर सनरूफ एका दमात बंद होत नसेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे त्याची स्थिती पुन्हा शिकवावी लागते.

नायलॉन_दोरी
कार्पेट वरून वाळलं म्हणून सोडू नका. खालचा फोम पाणी धरून ठेवतो, बुरशी आणि फ्लोअरचा गंज तिथूनच येतो. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली लाकडाचा ठोकळा द्या, फोम टॉवेलने दाबून पिळा आणि टेबल फॅन लावून ठेवा. तिथून जाणाऱ्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर काँटॅक्ट क्लीनर मारा. वरची झाडी तशीच राहणार असेल तर ट्रे दर महिन्याला पुसा, आणि मे संपायच्या आत चारही कोपऱ्यांत पुन्हा १०० मिली पाणी सोडून बघा.