अनुभव धागा: ठेकेदाराच्या कामात आपले नुकसान झाले आणि त्याचा विमाच नव्हता

कवेलूचे घर
काल शेजारी पायव्यासाठी जेसीबी आला, तेव्हा स्वयंपाक सोडून मी आधी भिंतीला हात लावून पाहिला. ही सवय 2019 च्या पावसाळ्याने लावली. तेव्हाही शेजारीच काम सुरू होते. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते, हे ठेकेदाराला ठाऊक होते. पण त्याने आमच्या मातीच्या भिंतीला लागून सगळ्या लांबीचा चर एकाच दिवसात खणला आणि तो उघडा टाकून पोळ्यासाठी गावी निघून गेला. रात्री पाऊस आला. काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि कड मोकळी असली की तिकडेच सरकते. पहाटे कोठीची भिंत बाहेर, चरात पडली; आत पडली असती तर सासूबाई तिच्याखाली सापडल्या असत्या. गव्हाची पोती आणि निम्मे कवेलू चिखलात गेले. दोन दिवसांनी ठेकेदार ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, माह्या काही इमा-बिमा नाही जी, पोरं लावून भिंत उभी करून देतो." पोरे दोन दिवस आली, पुढे सोयाबीनची सोंगणी लागली आणि विषय संपला. आपापले अनुभव लिहावेत.

संत्राबाग
ताई, आमच्याकडे ठेकेदाराचा विमा नव्हता, पण यंत्राचा होता, आणि त्यानेच आम्ही तरलो. शेजारच्या शेततळ्याकडे जाणारा जेसीबी पांदण रस्त्यावर वळताना आमच्या पंपाच्या खोलीवर आदळला आणि भिंतीसह स्टार्टरची पेटी गेली. जेसीबी हे नोंदणी झालेले वाहन असते आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर त्याला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. मी आधी नंबर प्लेटसह फोटो काढले, मग ठाण्यात नोंद करून पंचनामा करवून घेतला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. वेळ फार लागला, एक आंबिया बहार अक्षरशः तारखांमध्ये गेला, पण पैसे मिळाले. चालक मात्र शेवटपर्यंत म्हणत होता की खोलीच रस्त्यात आली.

सांदवाडी
मी विमा विचारला तेव्हा आमच्या ठेकेदाराने मोठ्या अभिमानाने स्वतःच्या आयुर्विम्याची पावती आणून दाखवली होती.

संत्राबाग
म्हणजे स्लॅब पडून तो स्वतः खाली सापडला असता तरच पैसे आले असते, आणि तेही त्याच्या घरी.

हिशेबाची वही
स्लॅबचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. दोन आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबखालचे टेके साधारणपणे किमान सात दिवस ठेवायचे असतात. आमच्या ठेकेदाराने दुसऱ्या कामावर बल्ल्या हव्या होत्या म्हणून चौथ्या दिवशीच काढून नेल्या. रात्री स्लॅब मधोमध लचकला आणि पाडावाच लागला. त्याचे म्हणणे असे की ठेका फक्त मजुरीचा होता, सिमेंट-लोखंड तुमचे, म्हणून जबाबदारीही तुमची. मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. मजुरीचा ठेका हीसुद्धा पैसे देऊन घेतलेली सेवाच आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही आणि नुकसान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. करारनामा नव्हता, पण फोनवरून पाठवलेल्या हप्त्यांच्या नोंदी आणि "बल्ल्या काढू नका" हा माझा संदेश उपयोगी पडला. तरीही खरा आधार होता तो मी रोखून धरलेल्या शेवटच्या हप्त्याचा, कारण आदेश झाल्यावरही वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला.

धुऱ्यावरची बाभूळ
शेजारच्या वावरात विहिरीला सुरुंग लावले आणि आमच्या कोठ्याच्या भिंतीला तिरपी भेग गेली. सुरुंगवाल्याकडे विमा तर नव्हताच, परवाना विचारल्यावर तो मोटारसायकलच काढायला लागला. शेवटी तंटामुक्त समितीत तडजोड होऊन पैसे तीन हप्त्यांत ठरले. दोन मिळाले.

ठेकेदाराची मुलगी
सगळे वाचून थोडे वाईट वाटले, म्हणून दुसरी बाजू लिहिते. बांधकामाच्या जोखमीचा विमा त्या-त्या कामापुरता घेता येतो आणि त्यात शेजाऱ्याच्या नुकसानीचेही संरक्षण जोडता येते, हे बाबांना वीस वर्षांत कोणीही सांगितले नाही, प्रत्येक घरमालकाने फक्त "चौरस फुटाला किती?" एवढेच विचारले. एका घराची न्हाणी आमच्या चुकीने खचली, तेव्हा बाबांनी बैलजोडी विकून ती बांधून दिली. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हते.

कवेलूचे घर
बाई, तुझ्या बाबांसारखा ठेकेदार आम्हाला मिळाला असता तर हा धागा निघालाच नसता. सांदवाडीने खाजगीत विचारले म्हणून सांगते: ती भिंत अखेर आम्हीच विटांची बांधली. या वेळी शेजाऱ्यांशी आधीच बोलून चर सलग न खणता एकेका खणाचा खणायचा आणि पाया भरला की पुढचा खण घ्यायचा, असे कागदावर लिहून घेतले आहे. आज सकाळी आमच्या सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढत होते, तेव्हा ठेकेदार मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ते कोपऱ्यातली जुनी भेग नीट घ्या फोटोत, मंग माह्यावर नाव नको." ठेकेदार तोच आहे, आणि ती भेगही त्याचीच आहे.