जावा : एफडीचा क्लास ‘अकाउंट’मधून एक्स्टेंड करू की नको?

तिसरं_सेम: नमस्कार मंडळी. डिप्लोमाला आहे, जावात बँकेचं मिनी प्रोजेक्ट करतेय. ‘अकाउंट’मध्ये बॅलन्स, डिपॉझिट, विथड्रॉ. सेव्हिंग आणि करंट हे त्यातून एक्स्टेंड केलेले, म्हणजे त्याचं सगळं वारशात घेणारे चाइल्ड क्लास मस्त चालतात. एफडीतून मधेच पैसे काढू द्यायचे नाहीत, म्हणून तिथे विथड्रॉ ओव्हरराइड करून (नव्याने लिहून) एक्सेप्शन, म्हणजे एरर फेकलं. आता दरमहा चार्ज कापणारा लूप पहिल्याच एफडीवर आपटतो. इन्स्टन्सऑफने ‘ही एफडी आहे का’ तपासून ती वगळायचं ठिगळ लावलंय, पण मॅडमना दाखवायची लाज वाटते. काय करू?

जुना_पापी: ठिगळ काढ. लूप ‘अकाउंट’ची यादी घेतो, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला विथड्रॉ जमतं असं धरून चालतो. एक्स्टेंड केलंस की तुझ्या एफडीनेही तो शब्द दिला, आणि मग मोडला. पेरेंटच्या जागी चाइल्ड ठेवला तरी प्रोग्रॅम बिघडता कामा नये, हे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्येच मांडलं होतं, व्हायवाला नाव टाकून दे.

आणि चालू एफडीत भर तरी कुठे घालतो आपण? म्हणजे डिपॉझिटही तिथे नको. ‘अकाउंट’मध्ये फक्त नंबर, नाव, बॅलन्स ठेव. त्याखाली एक ॲबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा) क्लास ‘चालतं खातं’ कर, डिपॉझिट-विथड्रॉ त्यात. सेव्हिंग, करंट त्याची पोरं. एफडी थेट ‘अकाउंट’ची. लूपला ‘चालतं खातं’ची यादी दे. एफडी त्यात घालायला गेलीस तर कंपायलरच हात धरेल.

डबा_आणला_का: +1. मनाला लावून घेऊ नकोस, खुद्द जावावाल्यांनीही हेच करून ठेवलंय. त्यांचा स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं, मधे हात घालायचा नाही) व्हेक्टरमधून, म्हणजे कुठेही घालता-काढता येणाऱ्या यादीतून एक्स्टेंड होतो. 10, 20, 30 पुश कर आणि ॲड(0, 99) लिही. खुशाल तळाशी 99 घुसतो! पॉप केलं की 30 आधी येतो, पण फॉर-ईच फिरवलं तर तळापासून सुरुवात. व्हेक्टरच्या सगळ्या मेथड फुकटात आल्या, नको त्याही. जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून आता बदलताही येत नाही. स्टॅक हवा असेल तर ॲरेडेक हा जावाचाच दुसरा क्लास वापर, असं त्यांचंच डॉक्युमेंटेशन सांगतं.

तिसरं_सेम: केलं! लूप चालला. पण ‘अकाउंट’ला नंबर घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) लिहिल्यापासून सगळे चाइल्ड क्लास लाल झालेत 😭

जुना_पापी: कन्स्ट्रक्टर वारशात येत नाही. तू सुपर (पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरला हाक) लिहिलं नाहीस तर कंपायलर रिकामं सुपर() घालतो, आणि तसा कन्स्ट्रक्टर आता पेरेंटकडे उरलेला नाही. प्रत्येक चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिली ओळ सुपर(नंबर). मधल्या ॲबस्ट्रॅक्ट क्लासलाही, तो हमखास विसरतो.

तिसरं_सेम: तोच विसरले होते 🙏