सल्ला हवा: टीमला एआय कोडिंग असिस्टंट देण्याआधी काय काय बंद करून ठेवावं?

प्रश्नचिन्ह:
सहा जणांची टीम, पायथन बॅकएंड, पोस्टग्रेस. 'रिव्ह्यू नीट करा' एवढं माहीत आहे, त्यापुढचं सांगा.

अर्धविराम:
आधी पॅकेजेस. असिस्टंट अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव बिनदिक्कत ठोकून देतो. तेच नाव पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) कुणी आधीच नोंदवून आत मालवेअर ठेवलेलं असू शकतं. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. सोर्स पॅकेज असेल तर पिप इन्स्टॉल करतानाच त्यातली सेटअप स्क्रिप्ट चालते, इम्पोर्टची वाटसुद्धा बघत नाही. म्हणून नवी डिपेंडन्सी (कोड जिच्यावर अवलंबून आहे ती बाहेरची लायब्ररी) वेगळ्या पीआरमध्येच घ्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे रिव्ह्यूसाठी मांडलेला बदल). पहिली रिलीज कधीची, रेपो कुठे, हे माणसाने उघडून बघायचं. सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) व्हर्जन पिन करून हॅश तपासणी, म्हणजे फाइल तीच आहे ना याची खात्री, सक्तीची करा.

लॉगवाचक:
पॅकेजचं खरं, पण रोज छळतो तो दिसायला स्वच्छ कोड. उदाहरणार्थ रिक्वेस्ट्स लायब्ररीने बाहेरच्या एपीआयला कॉल, टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) दिलेला नाही. या लायब्ररीत डिफॉल्ट टाइमआउट नसतोच. समोरचा सर्व्हर गप्प बसला की आपला वर्करही (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) अडकतो. सगळेच्या सगळे वर्कर असे अडकले की साइट ठप्प, आणि आपल्या कोडच्या लॉगमध्ये एक्सेप्शनचा पत्ता नाही.

'टाइमआउट घाल' म्हटलं की असिस्टंट बऱ्याचदा न मागता रिट्रायही घालतो. पेमेंटच्या पोस्ट कॉलवर हे भयंकर आहे: पहिली रिक्वेस्ट तिकडे पोचलेली असते, फक्त उत्तर यायचं राहिलेलं असतं. दुसऱ्यांदा पाठवली की पैसे दोनदा कापले जातात. आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी एकदाच धरली जावी म्हणून जोडलेली खूण) नसेल तर तिथे रिट्राय नको.

प्रश्नचिन्ह:
टेस्टही त्याच्याकडूनच लिहून घेतल्या तर?

लॉगवाचक:
तिथेच फसगत होते. कोड बघून लिहिलेली टेस्ट कोड जे करतो तेच बरोबर धरते, चुकीसकट. पडताळून पाहायचं असेल तर कोडमधलं एखादं < बदलून <= करा आणि टेस्ट चालवा. सगळं हिरवंच राहिलं तर त्या टेस्ट शोभेच्या. शून्य, रिकामी यादी, महिनाअखेर यांची अपेक्षित उत्तरं आधी माणसाने लिहून द्यावीत. मग टेस्टचा साचा त्याने खुशाल टंकावा.

अर्धविराम:
एजंट मोड देणार असाल, म्हणजे तो स्वतः कमांड चालवणार, तर कंटेनरमध्येच (बाकी मशीनपासून वेगळी बंदिस्त जागा). डेटाबेससाठी फक्त वाचण्यापुरता युजर, तोही स्टेजिंगचा (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीचा). प्रत्येक कमांड आपोआप मंजूर करण्याची सोय बंद. रीडमी किंवा इश्यूमध्ये कुणी सूचना पेरून ठेवली तर एजंट तीही आज्ञा समजून पाळू शकतो.

प्रश्नचिन्ह:
डॉट-ईएनव्ही फाइल (पासवर्ड, एपीआय की वगैरे ठेवलेली) गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सची यादी) आहे. तेवढं पुरे ना?

अर्धविराम:
नाही. गिटइग्नोर गिटपुरतं. फाइल डिस्कवर आहे म्हणजे एजंट ती वाचू शकतो. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये ती वेगळी वगळा. आणि एखादी की चॅटमध्ये पेस्ट झालीच असेल तर चॅट पुसत बसू नका, आधी ती रद्द करून नवी काढा.