वहिनींचं खाणं कमी पडत नाहीये
दादा, ‘एचआयव्हीची औषधं चालू, रोज बीट-पालक, लोहाच्या गोळ्या, तरी वहिनींचं हिमोग्लोबिन ८ वरच. कुठे चुकतंय?’ असं तुम्ही विचारलंत. तुमचं काही चुकत नाहीये. मी नौपाड्यातल्या लॅबमध्ये रोज रक्ताच्या काचा बघते. या विषाणूच्या आवरणावरचं जीपी१२० प्रथिन अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या पोकळीतल्या, जिथे रक्त तयार होतं) कोवळ्या रक्तपेशींना नुसतं चिकटलं तरी त्या स्वतःला संपवू लागतात; विषाणूला आत शिरावंही लागत नाही. टॅट नावाचं दुसरं प्रथिन मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना टीजीएफ-बीटा हे वाढ रोखणारं प्रथिन जास्त सोडायला लावतं, त्याने त्या कोवळ्या पेशींची वाढ आणखी खुंटते. पेशी घडायच्या आधीच मरत असतील तर नुसतं लोह कसं पुरणार?

एचआयव्हीच्या औषधांत झिडोव्हुडिन आहे का, तेही बघा; त्यानेही हिमोग्लोबिन घटू शकतं. त्याने काचेवर तांबड्या पेशी मोठाल्या दिसतात, एमसीव्ही (रिपोर्टमधला तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा) बहुधा १०० च्या वर जातो. तसं असेल तर रिपोर्ट घेऊन एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) लगेच दाखवा. गोळी मनाने मात्र बंद करू नका.