स्विफ्ट 2009: पुढचे स्ट्रट, मागचे शॉकर बदलायचेत. सोबत काय घ्यावं? (इंदूर)

तुकोगंजकर
गाडी 2009 ची स्विफ्ट, पेट्रोल, 1,12,000 किमी. चारही शॉकर (पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट एकत्र बसणारे शॉकर, धरून) कंपनीतून आलेलेच आहेत. लहान खड्ड्यात पुढून डावीकडे टकटक येते. स्पीडब्रेकर उतरल्यावर मागचा भाग दोन-तीनदा डोलतो. खंडवा रोडला चोरलच्या घाटात वळणावर रस्ता उखडलेला असला की मागची चाकं बाहेर सरकल्यासारखी वाटतात. मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातलेले आहेत. गॅरेजवाला म्हणतो, पुढचा डावा तेवढा बदला, मागचे तेल भरून देतो, निम्म्यात काम होईल. मला पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

जुनी_गाडी
एकच बाजू बदलू नका. नवा आणि थकलेला शॉकर एकाच एक्सलवर असले की जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणात गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, हाच हिशोब. तुमच्या वर्णनावरून मागची जोडी आधी, घाट करत असाल तर फार दिवस ठेवू नका.

पुढच्या टकटकीला मात्र लगेच स्ट्रट जबाबदार धरू नका. आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडलेला छोटा दांडा) बघा. गाडी रॅम्पवर, चारही चाकांवर उभी हवी. एकच चाक जॅकवर उचललं तर अँटी-रोल बारला (वळणात गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी सळी) पीळ बसतो, लिंक रॉडचा जॉइंट ताणला जातो आणि ढिलेपणा लपतो. रॉड मुठीत धरून हलवा, जॉइंटमध्ये 'टक' जाणवलं तर दोन्ही बाजूंचे बदला, तो स्वस्त माल आहे. मग कुणाला तरी उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून ऐका. स्प्रिंग 'टण्ण' करून उडी मारत असेल तर वरच्या माउंटचं बेअरिंग जाम आहे. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, आणि बॉल जॉइंटही त्याच वेळी पाहून घ्या.

शॉकरवर तेलाचा हलका ओलावा दिसला तर चिंता नाही. तेलाचा ओघळ खालपर्यंत येऊन त्यावर धुळीचा चिखल बसला असेल, तर सील गेलंय. टायरवरून तळहात फिरवा, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर टेकून राहत नाहीये.

पीथमपूर_फिटर
वरचं निदान बरोबर. आता माल आणि काम.

पुढे दोन स्ट्रट (डावा-उजवा वेगळा, खोक्यावरचा पार्ट नंबर जुळवा), दोन माउंट, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप (शॉकर पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा), दोन डस्ट कव्हर, स्प्रिंगखालची रबरं. बंप स्टॉप हातात घेऊन दाबला की भुगा होत असेल तर नव्या शॉकरचा रॉड थेट आपटतो आणि नवं सीलही लवकर जातं. कव्हर फाटकं ठेवलंत तर धूळ रॉडवर बसते, परिणाम तोच. मजुरी एकदाच लागते, म्हणून हे सगळं त्याच दिवशी बदला. गॅब्रियलचा कारखाना आपल्या देवासलाच आहे, तरी डुप्लिकेट माल फिरतो. पक्कं बिल घ्या.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टची जागा उघडण्याआधी खुणेने नोंदवा. ब्रेक पाइप आणि असल्यास एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी मोकळी करा. स्ट्रट निघाला की नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) बाहेर कलंडतो. त्याला तारेने बांधा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेक पाइपवर भार येतो.

स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोर दोन लावा, आलटून पालटून थोडे थोडे आवळा. स्प्रिंग वाटीत हाताने हलायला लागेपर्यंत वरचा मधला नट उघडायचा नाही. इथे घाई केली तर स्प्रिंग तोंडावर येते. रॉड प्लायरने कधीच धरू नका, क्रोमवर ओरखडा पडला की तो सील कापतो. नवा शॉकर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आडवा पडून असताना आत गेलेली हवा निघते. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीच्या खाचेत नीट टेकलं पाहिजे.

मागे स्प्रिंग आणि शॉकर वेगळे आहेत, काम सोपं. पण बीमखाली (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा भाग) जॅक ठेवा आणि एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही सोडल्या तर बीम खाली लोंबतो, स्प्रिंग निघते आणि ब्रेक पाइप ताणला जातो. खालच्या बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी केल्यावर. हवेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्यांत फाटतं.

तुकोगंजकर
धन्यवाद दादा. मागचे तेल भरून घेतले तर? आणि बफर ठेवू का?

जुनी_गाडी
तेल भरून घेऊ नका. भोक पाडून तेल ओततात, वेल्डिंग करून रंग मारतात. पिस्टनचे झिजलेले वॉल्व्ह तसेच राहतात, शॉकर गॅसचा असेल तर गॅस निघून जातो, तेलही भलत्याच जाडीचं असतं. काही दिवस घट्ट वाटतो, मग पुन्हा डोलतो.

बफर काढा. त्यांनी स्प्रिंगचे वेढे अडतात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो, तिथेच स्प्रिंग तुटते. काढल्यावर सपाट जागी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. एक बाजू ठळक खाली असेल किंवा मागचा भाग बसलेला दिसला, तर स्प्रिंगचीही जोडी घ्या.

पीथमपूर_फिटर
अलाइनमेंट त्याच दिवशी करा. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सुटले म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) हललाच, आणि त्यासोबत टोही (चाकं पुढे आत की बाहेर वळलेली) बिघडतो. टायरची हवा आधी दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. 200 किमीनंतर वरचे-खालचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) तपासा. टायरवर चट्टे पडलेले असतील तर घुं-घुं आवाज नव्या शॉकरनंतरही येत राहील. तो टायरचा आहे, त्यासाठी शॉकर परत उघडू नका.