गेम स्टुडिओतील अभियंतापदाची मुलाखत: तयारी कोठून सुरू करावी?

प्रश्न
नमस्कार. मी पुण्यात चार वर्षे बँकांसाठी जावामध्ये सर्व्हरचे काम करीत आहे. येथील एका गेम स्टुडिओने गेमप्ले प्रोग्रामर पदाच्या मुलाखतीसाठी तीन आठवड्यांनी बोलावले आहे. सी प्लस प्लस कॉलेजनंतर फारसे वापरलेले नाही. नेहमीची अल्गोरिदमची कोडी सोडवत बसावे, की आणखी काही वाचावे?

उत्तर १
मी अशा मुलाखती दिल्या आहेत आणि घेतल्याही आहेत. कोडी विचारली जातात, परंतु निर्णय बहुधा त्यांवर होत नाही. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.६७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात इनपुट, भौतिकी, शत्रूंचे वर्तन व चित्रण हे सारे उरकावे लागते. या मर्यादेची जाणीव उमेदवाराच्या उत्तरांत दिसते का, हे आम्ही पाहतो. प्रत्येक गोळीसाठी नव्याने मेमरी मागण्याऐवजी लेव्हल लोड होतानाच गोळ्यांचा साठा तयार ठेवून तोच पुन्हा पुन्हा का वापरतात, किंवा एकामागोमाग मांडलेला डेटा विखुरलेल्या ऑब्जेक्टपेक्षा लवकर का वाचला जातो, हे मेमरी मागण्यास लागणारा वेळ आणि कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) यांच्या आधारे समजावता आले पाहिजे.

गणितात सदिश (लांबी आणि दिशा असलेल्या राशी) पक्के करा. पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो का, हा प्रश्न हमखास येतो. पहारेकऱ्याची समोरची दिशा आणि त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारी दिशा, दोन्ही एकक लांबीच्या करून त्यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात हे सांगणारा गुणाकार) काढावा. दृष्टीचा कोन एकूण ९० अंश असेल, तर उत्तर ०.७०७ (म्हणजे त्याच्या निम्म्या, ४५ अंशांच्या कोसाइन) पेक्षा जास्त आल्यास खेळाडू त्या कोनात आहे. प्रत्यक्ष कोन काढण्याची गरजच नाही. मध्ये भिंत आहे का, हे त्यानंतर तपासावे. ही शेवटची पायरी स्वतःहून सांगणारा उमेदवार मला नेहमीच आवडतो.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. वाचनासाठी ‘क्वेक ३’ या जुन्या नेमबाजीच्या गेमचा सोर्स कोड घ्या, तो २००५ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला झाला. तो सी भाषेत असला तरी फ्रेमचे चक्र त्यात स्पष्ट दिसते. सोबत एक छोटा खेळ पूर्ण करा, कारण अर्धवट राहिलेल्या मोठ्या प्रकल्पापेक्षा तो अधिक बोलतो.

आपणही प्रश्न विचारा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मागील गेम प्रकाशित होण्यापूर्वी किती शनिवार-रविवार काम करावे लागले, त्याचा मोबदला किंवा बदली रजा मिळाली का, आणि प्रकाशनापूर्वी नोकरी सोडणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत येते का? माझे दोन वर्षांचे काम ज्या गेममध्ये आहे, त्यात माझे नाव नाही. ते मला आजही लागते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पहारेकऱ्याचे उदाहरण आज रात्रीच लिहून पाहतो. श्रेयनामावलीबद्दल विचारायचे मला सुचलेच नसते. तो प्रश्न मी नक्की विचारीन.